गुरुवारचा रक्तदाब

सासामोरी मिओरी पाचवीत होती तेव्हा तिचं वजन एकाहत्तर किलो होतं, आणि आमच्या गावाला त्याचा अभिमान होता.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझाही वाटा आहे. मी त्या शाळेत आरोग्यशिक्षिका होते. मुलांची उंची-वजनं घ्यायची, गुडघे फुटले की धुऊन पट्टी लावायची, ताप आला की घरी फोन करायचा. आणि वर्गात बसवेनासं झालं की एखादं मूल माझ्या खोलीतल्या पलंगावर येऊन पडतं, त्याला फार प्रश्न न विचारता पडू द्यायचं. दर सत्राची वजनं माझ्याच हातानं वहीत चढायची. वाढीच्या आलेखावरची मिओरीची रेघ पहिलीपासून माझ्या डोळ्यांसमोर होती. दुसरीत ती छापील रेषांच्या वर गेली, तिसरीत कागदाच्या काठाला टेकली. तेव्हाच मी बोलायला हवं होतं.

पण तिसरीतच आकाइशी वस्तादांनी तिला पाहिलं.

आकाइशी म्हणजे सफरचंदांच्या मोठ्या बागेचे मालक. तरुणपणी सुमो खेळलेले, आणि आता साठी ओलांडल्यावर देवळामागच्या आखाड्यात गावातल्या मुलांना शिकवणारे. आमच्या आओमोरीत, जपानच्या मुख्य बेटाच्या या उत्तर टोकाला, चांगला पैलवान निघाला तर अख्खा तालुका त्याचं नाव घेतो. त्या वर्षी क्रीडादिनाला रस्सीखेच होती. मिओरीच्या बाजूची सगळी मुलं घसरून पडली, आणि दोराच्या शेवटी ती एकटी पाय रोवून उभी राहिली. समोरची सहा जणं ओढत होती, ही जागची हलेना. तोपर्यंत वर्गात तिला सगळे ‘ट्रक’ म्हणायचे. वस्ताद मैदानात उतरले आणि तिच्यासमोर उकिडवे बसले.

“पोरी, पाय कसे रोवलेस? परत दाखव बघू.”

तिनं दाखवलं. शाळेत तिला कुणीतरी काहीतरी परत करायला सांगण्याची ती बहुधा पहिलीच वेळ.

तिच्या घरी दोघंच. ती पहिलीत असताना आई दूर सेंदाई शहरात निघून गेली आणि तिकडेच तिनं दुसरा संसार थाटला. बाप, कियोताका, रस्त्याच्या कामावर. उन्हाळ्यात पहाटे पाचला घर सोडायचा आणि अंधार पडता पडता परतायचा. हिवाळ्यात बर्फ हटवायच्या गाडीवर असायचा, तो मुलगी उठायच्या कितीतरी आधीच बाहेर. त्यामुळे सकाळचं जेवण मिओरी एकटी जेवायची, संध्याकाळचंही. कपातल्या नूडल्स, दुकानातली तळलेली कोंबडी, भातावर खारवलेली माशाची अंडी, आणि ज्यावर त्यावर सोया सॉस.

शनिवार तेवढा वेगळा. सराव संपला की वस्तादांच्या बायको आखाड्याशेजारच्या खोलीत भलं मोठं पातेलं चढवायच्या. कोंबडी, कोबी, टोफू, मासे, शेवटी त्यातच नूडल्स. सात मुलगे आणि ही एक मुलगी गोल बसायची. पैलवानाचा खुराक तो, त्यात हयगय नाही. मिओरीनं चौथा वाडगा उचलला की मुलगे टाळ्या वाजवायचे, “आली, आली, आमची महाविजेती आली!” म्हणून ओरडायचे. चौथीत तिनं जिल्ह्यातल्या सगळ्या मुलींना रिंगणाबाहेर काढलं. तिचा फोटो सहकारी दुकानाच्या दारावर लागला.

मला सांगा, त्या फोटोखाली उभं राहून मी काय बोलणार होते?

पाचवीच्या मुलांची तपासणी जूनमध्ये असते. थोडं रक्त घेतात आणि रक्तदाब मोजतात. दाब मोजायचं काम माझ्याकडे. मिओरीची पाळी आली तेव्हा मुलांची पट्टी तिच्या दंडाला पुरेना. ओढून बांधली तर फुगताना चरचर करत सुटून आली.

“बाई, घट्ट होतंय.”

“थांब, मोठी घेऊ.”

पट्टी आखूड पडली की आकडा खोटाच चढतो, म्हणून मी मोठ्या माणसांची काढली. वरचा आकडा एकशे अठ्ठेचाळीस आला, खालचा चौऱ्याण्णव. तिच्या वयाला वरचा एकशे पस्तीसच्या पुढे गेला तरी आम्ही काळजी करतो.

“धावत आलीस का गं?”

“नाही. रांगेतून चालत आले.”

तिला पाच मिनिटं डोळे मिटून बसवलं. परत मोजलं. एकशे शेहेचाळीस, ब्याण्णव. मी आकडा लिहीत होते तर ती मान लांब करून कागदात डोकावली.

“बाई, आमच्या आखाड्यातल्या दाइकीचे किती आले?”

“एकशे चार.”

“मग मी जिंकले!”

ती खरंच खूश झाली होती. तिच्या आयुष्यात आकडा मोठा असला की लोक कौतुक करायचे, तिला हा आकडा वेगळा कसा वाटणार? मी म्हटलं, “उद्या परत ये.” उद्या आणि परवाही आकडा उतरला नाही.

मी घरी चिठ्ठी पाठवली, शहरातल्या रुग्णालयात दाखवा म्हणून. तीन आठवडे उत्तर नाही. जुलैत एका रविवारी मीच गेले. कियोताका दारापुढचं गवत कापत होता. ओळखीचं हसला, मशीन बंद केलं. चिठ्ठीचं नाव काढल्यावर खिसे चाचपायला लागला, जणू ती तिथेच असेल.

“बीपी? बाई, ती अकरा वर्षांची आहे.”

“म्हणूनच आले.”

“अहो, आमच्या घरात सगळ्यांनाच असतं. माझ्या आईला होतं. त्यानंच गेली ना ती, एकसष्टाव्या वर्षी, ओट्यापाशीच. मलाही आहे. आठवेल तेव्हा गोळी घेतो.” बोलता बोलता तो थांबला. दाराच्या आत टीव्ही लागला होता आणि त्यापुढे मिओरीची पाठमोरी आकृती दिसत होती.

“पण तिला काही दुखत नाही,” शेवटी म्हणाला.

“दुखत नाही म्हणूनच मोजावं लागतं.”

“माझ्याकडून आलं का हे?”

“थोडं घराण्यातून येत असेल. पण मुलांमध्ये बहुतेक वेळा वजनानं वाढतं, आणि वजन आवरलं की उतरतं. नीट काय ते डॉक्टर सांगतील. घेऊन जा तिला.”

तो घेऊन गेला, कामाचा एक दिवस बुडवून. मूत्रपिंडं तपासली, हृदय तपासलं, सगळं ठीक निघालं. कारण वजनाचं आणि मिठाचं. डॉक्टरांनी सांगितलं की उपाशी ठेवू नका, वाढतं वय आहे. वजन आहे तिथेच राहिलं आणि उंची वाढली तरी निम्मं काम होईल. चाला, पळा, पोहा. मात्र दाब उतरेपर्यंत कुस्ती बंद, कारण श्वास रोखून जोर लावला की दाब एकदम उसळतो.

दुसऱ्या दिवशी आकाइशी वस्ताद माझ्या खोलीच्या दारात उभे. चपला बाहेर काढल्या, आत मात्र आले नाहीत.

“पोरीला आखाड्याबाहेर काढलंत तुम्ही.”

“डॉक्टरांनी काढलं.”

“कागद कुणी धाडला?” ते चिडले नव्हते. थकलेले वाटले. “नारुमीबाई, ती माझ्याकडे आली तेव्हा खाली मान घालून चालायची. रस्त्यात कुणी समोरून आलं तर भिंतीला चिकटायची. तुम्ही पाहिलंय ना?”

“पाहिलंय.”

“मग?”

मी हातातली वही मिटली. वस्ताद म्हणाले, “शनिवारी येऊन बसायला तर हरकत नाही? आमच्यात जेवेल.” मी म्हटलं, जरूर येऊ द्या. मलाही बरंच वाटलं.

त्या शनिवारचं मला मिओरीनंच नंतर सांगितलं. ती रिंगणाच्या कडेला गुडघे दुमडून बसली. सराव संपला, पातेलं आलं. वस्तादांच्या बायकोनं तिच्यासाठी मुद्दाम वेगळा लहान वाडगा केला होता, अळणी उकडलेला कोबी आणि टोफू. मोठ्या मायेनं केला होता. त्यांनी तो तिच्यापुढे ठेवला आणि सगळ्या मुलग्यांच्या नजरा त्या वाडग्याकडे गेल्या. एरवी किती कालवा असायचा, त्या दिवशी नुसता भुरके मारल्याचा आवाज. दाइकीनं दुसरा वाडगा घ्यायचा की नाही म्हणून तिच्याकडे बघितलं. ती त्याला म्हणाली, “घे ना, माझ्याकडे काय बघतोस!”

पुढच्या शनिवारीही ती गेली. त्याच्या पुढच्या शनिवारी नाही.

दर गुरुवारी मधल्या सुट्टीत तिनं माझ्याकडे यायचं ठरलं. मी दाब मोजायची, वजन घ्यायची, आणि आठवड्याचा जेवणाचा तक्ता बघायची. तक्ता मी एका जुन्या नमुन्यावरून छापला होता. त्यात वेळ, पदार्थ, किती, आणि शेवटी ‘कोणाबरोबर’ असा एक रकाना होता. तो मी विचार न करता तसाच ठेवला होता. पहिल्या आठवड्यात तिनं बाकी सगळं प्रामाणिकपणे लिहिलं, अगदी दुपारी चोरून खाल्लेला चिप्सचा पुडासुद्धा. शेवटचा रकाना कोरा.

“सगळे रकाने भरायचे,” मी म्हटलं. बोलून गेले आणि वाटलं, जीभ चावावी.

पुढच्या गुरुवारी रकाना भरलेला होता. सोमवार सकाळ, हवामान सांगणाऱ्या बाई. सोमवार संध्याकाळ, प्रश्नमंजुषेतले लोक. मंगळवार सकाळ, हवामान सांगणाऱ्या बाई. रविवार, बाबा, आणि कंसात ‘झोपलेले’.

“हवामानवाल्या बाई चांगल्या आहेत,” मिओरी म्हणाली. “त्या सकाळी सहा वाजतासुद्धा हसतात.”

मी मान डोलावली आणि तिच्या दंडाला पट्टी गुंडाळली. एकशे चाळीस, अठ्ठ्याऐंशी. ती गेल्यावर तोच तक्ता मी स्वतःसाठी भरायला घेतला. आई गेल्यापासून माझ्या घरीही एकच ताट असतं. मंगळवारपर्यंत आले आणि कागद फाडून टाकला.

सप्टेंबरमध्ये आमच्या भागातल्या सांघिक लढती होत्या. शाळेच्या चमूत पाच जण लागतात, आणि आखाड्यातल्या सात मुलग्यांपैकी आमच्या शाळेचे पाचच. ऐनवेळी एका मुलाचा पाय मुरगळला. वस्ताद पुन्हा माझ्या दारात आले, या वेळी आत येऊन बसले.

“एकदा मोजा ना तिचं. बरं आलं तर तसं लिहून द्या. एका लढतीचा प्रश्न आहे, दहा सेकंदांत संपतं सगळं.”

मिओरीही आलीच होती, गुरुवारच होता. मी मोजलं. आकडा उतरावा असं मलाही वाटत होतं. एकशे अडतीस, शहाऐंशी.

“उतरलाय की!” वस्ताद म्हणाले.

“उतरतोय. अजून उतरला नाही.”

“बाई, तीन आकड्यांचा फरक. तीन!”

“मला नाही लिहिता येणार, वस्ताद.”

ते उठले, मिओरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेले. मिओरी पट्टी स्वतःच सोडवत बसली. चमू चार जणांनिशी गेला आणि पहिल्याच फेरीत हरला.

त्यानंतर गावानं मला थोडं बाजूला काढलं. कुणी उघड भांडलं नाही, आमच्याकडे तशी पद्धत नाही. सहकारी दुकानात मी मुळे निवडत होते तर मागून एक बाई दुसरीला म्हणाली, “सांभाळ गं, मुळ्याचंही वजन घेऊन चिठ्ठी पाठवतील.” दोघी हसल्या. मीही हसले, मग मुळा परत ठेवून बाहेर पडले.

त्याहून जास्त लागलं ते हे, की मिओरी यायची बंद झाली. एक गुरुवार गेला, दुसरा गेला. तिसऱ्या गुरुवारी मीच तिला गाठलं. मधली सुट्टी होती, सगळी मुलं मैदानात, आणि ती बूट ठेवायच्या कपाटांपाशी एकटी बसली होती. मी शेजारी बसले.

मग ती म्हणाली, “तुम्ही मोजलंच नसतं तर मला काही झालं नसतं.”

“झालं असतं. आपल्याला कळलं नसतं, इतकंच.”

“मग नसतं कळलं तर काय बिघडलं असतं?” तिचा आवाज चढला. “दोन वर्षं तरी नसतं कळलं तर? सहावी संपेपर्यंत?”

अकरा वर्षांच्या मुलीनं केलेला तो हिशेब होता. तिला शनिवार मोजून हवे होते. दोन वर्षांचे शनिवार.

मी म्हटलं, “मिओरी, खरं सांगू? मला तू तिसरीत असतानाच कळलं होतं. दाबाचं नाही, वजनाचं. मी बोलले नाही. तू तेव्हा नुकती हसायला लागली होतीस, आणि ते मोडायचं माझ्या जिवावर आलं. तेव्हाच सावकाश सुरुवात केली असती तर आज तुला आखाडा सोडावा लागला नसता. चूक माझी आहे.”

ती माझ्याकडे वळून बघत राहिली. मोठ्या माणसानं अशी माफी मागावी याची तिला सवय नसावी. “मग वस्तादांची पण,” ती म्हणाली. “आणि बाबांची. आणि आईची.” बोटं मोजत थांबली. “माझी नाही ना?”

“तुझी नाही.”

घंटा झाली. ती उठली, स्कर्ट झटकला. “आज मोजायला वेळ नाही उरला. पुढच्या गुरुवारी येते.”

पुढे नोव्हेंबरच्या मधल्या दिवसांत, पहिला बर्फ पडला त्याच आठवड्यात, कियोताका शाळेत आला. कामाचे जाड कपडे, हातात हेल्मेट. मुलांच्या बुटक्या खुर्चीवर अवघडून बसला.

“बाई, मला स्वयंपाक येत नाही,” एखादा गुन्हा कबूल करावा तसं म्हणाला. “आधी आई करायची. मग बायको. मग दुकान.”

“शिकायचाय?”

“सकाळचं तेवढं. मी साहेबांना सांगून बर्फाच्या गाडीची फेरी बदलून घेतलीय. डोंगराकडची सोडली, गावातली घेतली. पावणेसातला गाडी आमच्या गल्लीत येते. पंधरा मिनिटं थांबता येईल. त्याहून जास्त नाही, माणसं कामाला निघायची असतात.”

मी एका कागदावर लिहून दिलं. मिसोचं सार करताना मिसो, म्हणजे सोयाबीनचा तो खारट लगदा, निम्मा घाला, भाज्या दुप्पट. भात एक वाटी. एक अंडं. नूडल्स खाल्ल्याच तर त्यांचं पाणी पिऊ नका. सोया सॉसची बाटली टेबलावर ठेवू नका.

तो बोट ठेवून एकेक ओळ वाचत होता. शेवटच्या ओळीवर अडखळला.

“टेबलावर नाही, तर मग कुठे?”

“कपाटात.”

“कपाट उघडता येतं की, बाई.”

“उठून उघडायचा कंटाळा येतो. त्यावरच सगळी भिस्त आहे.”

तो पहिल्यांदा मोठ्यानं हसला. कागद चार घड्या करून हेल्मेटच्या आत खोचला.

त्या हिवाळ्यात बर्फ खूप पडला. गल्लीत गाडी थांबायची, इंजिन चालूच, आणि वरचा नारिंगी दिवा गरगरत स्वयंपाकघराच्या भिंतीवर फिरत राहायचा. बाप बूट न काढता उंबऱ्यालगतच्या पायरीवर बसून जेवायचा, कारण बुटांच्या दोऱ्या सोडण्या-बांधण्यातच पाच मिनिटं जातात. मुलगी वाडगा घेऊन त्याच्या शेजारी येऊन बसायची. काय बोलता, असं मी विचारलं तर मिओरी म्हणाली, “काही नाही. ते घाईघाईत खातात. पण सार कालच्यापेक्षा बरं झालंय का, एवढं रोज विचारतात.” तक्त्यात तिनं लिहिलं होतं, बाबा, आणि कंसात ‘अकरा मिनिटं’.

संध्याकाळ मात्र तशीच राहिली. त्याला काही करता आलं नाही, मलाही नाही. संध्याकाळच्या रकान्यात टीव्हीवरची माणसं येत राहिली.

शाळेची बस सोडून ती चालत यायला लागली. अडीच किलोमीटर. बापानं साफ केलेल्या रस्त्यानं, दोन्ही बाजूंना तिच्या उंचीच्या बर्फाच्या भिंती. माझ्या खिडकीतून दिसायचं, एक पिवळी टोपी त्या पांढऱ्या चरातून हळूहळू वर येतेय. तिच्याबरोबर कधीच कुणी नसायचं. आखाड्यातले मुलगे तिच्याशी वाईट वागत नव्हते, भेटले की हात हलवायचे. पण शनिवारी काय झालं याच्या गप्पा ते एकमेकांत मारायचे, आणि त्या गप्पांत तिला शिरायला जागा नव्हती. वर्गातल्या मुलींचे गट तिसरीतच ठरून गेले होते. आता ट्रकही कुणी म्हणत नव्हतं, महाविजेतीही नाही. तिचं फक्त नाव उरलं होतं.

फेब्रुवारीपासून आकडा खाली बसायला लागला. एकशे तीस. एकशे सव्वीस. मार्चमध्ये सलग तीन गुरुवार एकशे चोवीस आणि बहात्तर. उंची सहा सेंटिमीटरनं वाढली होती, वजन पाच किलोनं उतरून सहासष्टवर आलं होतं. अजून जास्तच होतं, पण रेघ आता कागदात परत आली होती. डॉक्टरांनी कुस्तीची परवानगी दिली. दर सहा महिन्यांनी दाखवायला या, म्हणाले.

ती बातमी घेऊन मिओरी आली तो पाचवीचा शेवटचा गुरुवार. मला वाटलं होतं उड्या मारत येईल. ती नेहमीसारखी येऊन बसली, बाही वर केली, दंड पुढे केला.

“अगं, आता नको,” मी म्हटलं. “उतरला तुझा. डॉक्टरांनी सांगितलंय ना?”

“हो.” दंड तसाच पुढे. “मग आता सहा महिन्यांनी?”

“तेही रुग्णालयात.”

“म्हणजे गुरुवारी यायचं नाही.”

मला एक क्षण वाटलं, म्हणावं की ये, अजून काही दिवस खात्री करून घेऊ. पट्टी हातात होती. पण कसलाही त्रास नसलेल्या मुलीला, तू आजारी असशील तोवरच इथे ये, असं शिकवायचं का? आणि खरं बोलायचं तर गुरुवार संपल्याचं दुःख तिच्याइतकंच माझंही होतं, त्यामुळे माझ्या त्या विचारावर माझाच विश्वास बसेना.

“मोजायला यायचं नाही,” मी म्हटलं. “एरवी दार उघडंच असतं.”

ती थोडी हसली. मोठी मुलं जसं समजूतदारपणे हसतात तसं. बाही खाली केली, बटण लावलं, वाकून नमस्कार केला आणि दार ओढून घेतलं. सहावीत ती एकदोनदा आली, एकदा बोट कापलं म्हणून, एकदा उगाच. उगाच आली तेव्हा बोलायला काही सुचेना. दंडाला पट्टी बांधलेली असली की आम्हाला सहज बोलता यायचं, ते दोघींच्याही लक्षात आलं. ती भिंतीवरचा दातांचा तक्ता वाचत थांबली आणि घंटा झाल्यावर गेली.

एप्रिलमध्ये ती आखाड्यात परत गेली होती. वस्तादांनी पातेल्यातलं मीठ सगळ्यांसाठीच कमी केलं होतं, असं दाइकीच्या आईकडून कळलं. मुलग्यांनी कुरकुर केली, मग सवय झाली. त्याबद्दल वस्ताद आणि मी कधी बोललो नाही. रस्त्यात भेटले की ते आधी नमस्कार करायचे.

जूनमध्ये जिल्ह्याच्या लढती झाल्या. मी बसनं गेले, मागच्या बाकावर बसले. कियोताका सुट्टी काढून आला होता, तिची लढत बघायची त्याची ही पहिलीच वेळ. तो रिंगणाच्या कडेला उभा होता, हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

मिओरी रिंगणात आली. उंच झाली होती, खांदे रुंद. समोरची मुलगी तिच्याहून बरीच जड होती, दोन वर्षांपूर्वी मिओरी इतर मुलींपेक्षा असायची तशी. पंचांनी हाक दिली, दोघी एकमेकींवर आदळल्या. मिओरीनं पाय रोवले, मला मागूनही दिसलं, अगदी रस्सीखेचीच्या दिवशी रोवले होते तसेच. या वेळी पाय सरकले. चार सेकंदांत ती रिंगणाच्या दोराबाहेर होती.

टाळ्या समोरच्या मुलीसाठी झाल्या. मिओरीनं वाकून नमस्कार केला, नीट, घाई न करता, आणि ताठ मानेनं खाली उतरली. बापानं टाळी वाजवायला हात वर केले आणि अर्ध्यातच थांबवले. ती त्याच्यासमोर जाऊन काहीतरी म्हणाली. त्यानं मान हलवली.

बाहेर पडताना तिनं मला पाहिलं. लांबूनच वाकली. मला वाटलं येईल, म्हणून मी पिशवी मांडीवरून खाली ठेवली. पण बाप मैदानाच्या कडेलाच लावलेल्या गाडीचं दार उघडून उभा होता, ती तिकडे गेली. गाडीच्या काचेतून दिसलं, दोघं मधे डबा ठेवून जेवत होते.

पुढची लढत सुरू झाली. मी ती शेवटपर्यंत पाहिली, मग त्याच्या पुढचीही. परतीची बस साडेतीनला होती.